‘ह’ संपलेला कागद

मी एक जुना अक्षरांचा कागद आहे. मित्रांनो, मला स्टिकर समजू नका. माझ्यावरची काळी अक्षरं काडीने घासली की खालच्या कागदावर उतरतात. दुकानदार मला ट्रान्सफर म्हणतात. एकदा उतरलेलं अक्षर माझ्याकडे परत येत नाही.

माझा जन्म एका लहान छापखान्यात झाला. पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदाच्या पाठीवर अक्षरं उलटी छापली, त्यांच्यावर चिकट थर दिला आणि मागे मेणकागद लावला. काने, मात्रा, वेलांट्या शेवटच्या ओळींत वेगळ्या होत्या. पनवेलच्या बाजारातून कुमुदताईंनी मला घेतलं आणि कामोठ्याच्या जुन्या गावातल्या एका बिल्डिंगमध्ये, सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं.

कुमुदताई फोटोंच्या वह्या सजवायच्या. नात्यात कुणाचं बारसं, कुणाचं लग्न झालं की फोटो त्यांच्याकडे यायचे. त्या सोनेरी कागदाची चौकट कापायच्या, कोपऱ्यात ट्रान्सफरची फुलं उतरवायच्या आणि वर माझ्या अक्षरांनी नाव घालायच्या. आईसक्रीमची काडी हेच त्यांचं हत्यार. त्यांचे यजमान काशिराम समोर बसून चहा पीत चिडवायचे.

“किती घासशील? भांडी पन इतकी घासत नायस.”

“भांडी तुमी घासा, नाव मी घालीन,” त्या मान वर न करता म्हणायच्या.

त्यांची धाकटी बहीण चंद्रावती वही बघून म्हणायची, “बाय, छापखान्यातून करून आणलंस काय गो?” ते ऐकून मला बरं वाटायचं.

या गावांत लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त. त्यामुळे प्रत्येक लग्नाच्या वहीत ‘हळद’ असं एक मोठं पान असायचंच. माझ्यावरचे ‘ह’ असे एकेक करून त्या पानांवर गेले. सगळ्यांत आधी तेच संपले. कुमुदताईंनी त्याची फिकीर केली नाही. नवीन कागद आणू, म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच्या घराची वही करायला घेतली. इतकी वर्षं ती राहून गेली होती. शेवटच्या पानावर उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरचा फोटो लावला. लाँचची वाट बघत त्या आणि काशिराम उभे आहेत. चौकट झाली, फुलं झाली. वर नावापुरती जागा कोरी ठेवली. ते पान सावकाश करू, म्हणाल्या. पुढे त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

मी कपाटावर पडून राहिलो. वर छपराचा पत्रा होता. उन्हाळ्यात माझे कोपरे वळले, चिकट थर सुकायला लागला. मला कुणी खाली काढलं नाही. दोष कुणाला देऊ? त्या घरात तेव्हा कुणालाच काही सुचत नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा काशिरामांनी मला खाली काढलं. “त्या दिवशी सगळी येतील,” ते सूनबाईंना, संजनाला, म्हणाले. “तिची वही बघायला मागतील. ह्या पानावर नाव नसलं तर बरं दिसनार नाय. ‘आम्ही’ असं घालतो.”

त्यांचा मुलगा केतन लहान असताना च्युइंगगमबरोबर मिळणारी चित्रं पाणी लावून हातावर उतरवायचा. काशिरामांना वाटलं, मीही तसाच. त्यांनी एका जुन्या पत्रिकेवर आधी करून बघितलं, म्हणून पान वाचलं. पण ओल्या बोटाने माझा एक ‘आ’ चिखलासारखा पसरला. आता माझ्यावर एकच ‘आ’ उरला होता.

संजना धावत आली. “अहो बाबा, हे पाण्याचं नाही! राहू दे. मी मोबाईलवर टाईप करते, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणते. फॉन्ट सांगा फक्त.”

“फॉन्ट नको. तिच्या कागदावरचंच अक्षर पायजे.”

तिने मला उजेडात धरलं. “पण बाबा, ‘ह’ कुठे आहे? सगळे संपलेत.”

काशिराम त्याच दुपारी पनवेलला गेले. दुकानात इंग्रजी अक्षरं होती, फुलपाखरं होती. मराठी अक्षरं आता येत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. परत आल्यावर त्यांनी वही उघडून ते पान पुन्हा समोर घेतलं.

“‘ह’ नकोच,” ते शेवटी म्हणाले.

“मग ते ‘आमी’ होईल.”

“होऊ दे. ती काय म्हनायची?”

संजना हसली. “आमीच. ‘आमी निघालो, कडी लाव गो,’ असं जिन्यातून ओरडायच्या. अख्ख्या बिल्डिंगला कळायचं.”

“मग तिच्या पानावर तिचा शब्द नको?”

“लोक चूक काढतील, बाबा.”

“काढू दे. माझं नाव सांग.”

आधी ‘ढ’ आणि ‘ठ’ पत्रिकेवर उतरवून त्यांनी हात बसवला. मग मला पानावर ठेवलं. माझे कोपरे वर येत होते, म्हणून ते तळहाताने दाबत राहिले. त्या उबेने माझा सुकलेला थर जरा नरम झाला. ते काडीने घासू लागले. मी भीत होतो. हा ‘आ’ तुटला असता तर दुसरा नव्हता.

ते मला उचलणार तेवढ्यात संजना ओरडली, “थांबा! काना अजून काळाच दिसतोय. सुटलेलं अक्षर फिकट दिसतं.”

त्यांनी पुन्हा घासलं. काना सुटला. त्यावर केसाएवढी भेग पडली, पण अक्षर आलं. मग ‘म’ आला. शेवटी वेलांटी जराशी तिरकी बसली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर चंद्रावतीने वही मांडीवर घेतली. शेवटच्या पानाशी ती थांबली. “आमी,” तिने मोठ्याने वाचलं आणि डोळे पुसले. मग काशिरामांकडे बघून म्हणाली, “वेलांटी वाकडी झाली, भावजी.”

‘ह’ नसल्याचं तिला दिसलंच नाही. वही सगळ्यांच्या हातांतून फिरली, पण कुणालाच दिसलं नाही.

मित्रांनो, आता मी त्या वहीतच, मागच्या पुठ्ठ्याला टेकून असतो. थोडी अक्षरं उरली आहेत. ती नीट उतरतील की नाही, सांगता येत नाही. आम्हा कागदांना उन्हापासून जपा, सपाट ठेवा, मागचा मेणकागद फेकू नका. पण जपायचं म्हणून नुसतं कपाटावर ठेवू नका. कुणासाठी एखादं पान करायचं मनात असेल, तर ते माणूस घरात आहे तोवर करा. कुमुदताईंनी ते पान बघायला हवं होतं.