तिवड्यापाशी

परीघ शिकवायला सोपान गुरुजींनी तीन दिवस फळा पांढरा केला, तरी चौथीच्या पोरांच्या डोक्यात काही शिरेना. चौथ्या दिवशी चिडून ते सगळ्यांना पाटणच्या वाटेवरल्या खळ्यात घेऊन गेले. मधोमध मळणीचा तिवडा, जाड लाकडी खांब, रोवलेला होता. त्याच्याभोवतीच बैल फिरायचे.

"हा तिवडा म्हणजे वर्तुळाचा मध्य," गुरुजी म्हणाले. त्यांनी तिवड्याला लांब कासरा बांधला, चार पोरांना तो ओळीनं धरायला लावला आणि शेवटचं टोक स्वतः धरलं. "आता रांग न मोडता फिरा."

तिवड्याजवळची पोरं रमतगमत चालली. टोकाला गुरुजी मात्र धोतर सावरत पळत होते. पाचव्या फेरीला त्यांना धाप लागली.

"सांगा, कुणाच्या वर्तुळाचा परीघ सगळ्यात मोठा?"

"तुमच्या, गुरुजी," अंजना म्हणाली. "म्हणून तर आमचं आबा म्हाताऱ्या बैलाला कवाच भाईर जुपत न्हाईत. तिवड्यापाशी बांधत्यात."

पोरं खिदळली. गुरुजींचा हात छडीकडे गेला, पण छडी शाळेतच राहिली होती. मग ते गुमान आत आले आणि तिवड्यालगतचा कासरा धरून म्हणाले, "अंजना, टोकाला तू."