भूक वाढली

भाद्रपदाचं ऊन होतं. धुतलेलं, निथळलेलं, डोंगराच्या खांद्यावरून हळदीसारखं उतरणारं ऊन. खाडीच्या काठाकाठानं भातखाचरं पसरली होती, हिरव्यावर हिरवं, पोपटीवर पोपटी. आणि त्या हिरव्या कुशीत दाणा नुकताच दुधात आला होता. वारा आला की अवघं शिवार गरोदर बाईसारखं सावकाश अंग वळवायचं.

पण दुधातला दाणा डोळ्यांना मिळतो, तोंडाला मिळत नाही. जुनं धान्य तळाशी गेलेलं आणि नवं अजून उभं, असे ते मधले दिवस. त्यात पितरांचा पंधरवडा. कौलांवर कावळ्यांना सुकाळ, आणि कौलांखाली माणसं मापट्यानं मोजून शिजवणारी.

त्या खाडीकाठी, देवीच्या देवळामागं, एका लहानशा घरात वेणू राहायची. मितभाषिणी, मृदुभाषिणी, पहाटस्नाता वेणू. कपाळ रितं झाल्याला पुष्कळ वर्षं लोटली होती. रोज फुलं वेचायची, देवीचा हार गुंफायची, तुळशीपुढं दिवा ठेवायची, आणि अयाचित व्रत पाळायची. म्हणजे न मागता जे येईल ते खायचं. कुणाच्या दारी हात पसरायचा नाही, कुणाच्या कानी भूक घालायची नाही.

आणि न मागता यायचं. कुणाच्या घरी मुंज, कुणाचा नवस, कुणाची सवाष्ण. देवळात शिधा यायचा आणि हार गुंफणारीचा वाटा आपसूक तिच्या उंबऱ्यावर ठेवला जायचा. एका पोटाला तो पुरायचा. एकादशी, सोमवार, प्रदोष धरून उरायचासुद्धा.

मग एका उन्हाळ्यात दुसरं पोट आलं.

धाकट्या बहिणीची मुलगी. बकुळा. बहीण तापानं गेली, बापानं विटांच्या भट्टीवर दुसरा संसार मांडला, आणि सहा वर्षांच्या त्या पोरीला वेणूच्या ओसरीवर आणून सोडलं. माय मरो आणि मावशी उरो, असं गाव म्हणालं. वेणूला ती म्हण कधीच आवडली नव्हती. तिनं पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, आणि पाटावर बसवून पहिल्यांदा ताट वाढलं.

बकुळा जेवली. मग ताटली पुढं करून म्हणाली, "मावशी, वाढ."

त्या दिवसापासून त्या घरात तो एक शब्द नांदू लागला. सकाळी पेजेला वाढ. दुपारी भाताला वाढ. तिन्हीसांजेला दिवा लागायच्या आधी वाढ.

कारण पोर वाढत होती. पावसातल्या वेलीसारखी, बघता बघता, न कळता कळत. घोट्याशी लोळणारा परकर पोटरीशी आला. दुधाचे दात पडत होते, नवे फुटत होते. पण पडत्या दातांनीही ती नाचणीची भाकरी अशी चावायची, की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. झोपेतसुद्धा तिची हाडं वाढत असणार. पहाटे उठायची ती उपाशीच उठायची. चिंचेचा कोवळा पाला, देवळातलं खोबरं, पेरूचं हिरवं फळ, अळवाच्या फदफद्याची खरवड. त्या इवल्या पोटाला कशाचं म्हणून वावडं नव्हतं.

शेजारची काशीवैनी भिंतीवरून डोकावायची आणि हसायची. "बकू कसली गं ही? बकासुर आहे. उद्या गाडाभर भात मागेल, आणि मागोमाग बैल. परड्यातला माझा खोंड मी आत बांधते बाई."

बकुळाही हसायची. पडलेल्या दातांच्या खिडकीतून हसायची, आणि विचारायची की वैनी, खोंड कसा लागतो?

पुढं पुढं काशीवैनी हसण्याऐवजी कुजबुजू लागली. म्हणे हा भस्म्या आहे. म्हणे कुणीतरी दृष्ट लावली असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. नाहीतर पोरीला जरा आवर घाल, पोट म्हणजे काय, शिकवावं तसं शिकतं. वेणूनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. आवर घातला नाही. श्राद्धाच्या घरी पान घेऊन अंगणात उभी असलेली माणसं कावळ्याला ये, ये म्हणून आळवतात. तो आला की कृतार्थ होतात. त्या कावळ्याला भस्म्या झालाय का, असं कुणी विचारत नाही, असं तिच्या मनात आलं. ती बोलायचीच कमी.

ती आपलंच पान लहान करत गेली. आधी रात्रीचं. मग दिवसाचं. व्रतं तर होतीच. व्रतांच्या पदराआड उपास लपून जातो.

पण पितृपक्षात नवस फेडत नाहीत, मुंजी लागत नाहीत. देवळात शिधा येईनासा झाला. आणि एका सायंकाळी, खाडीवर केशर सांडलेलं असताना, ओसरीत निरांजनाची ज्योत नुकती उभी राहिलेली असताना, बकुळानं ताटली पुढं केली.

"मावशी, वाढ."

वेणूनं तपेल्यात डाव फिरवला. डाव तळावर खरवडला. आणि आईनं शिकवलेलं, आजीनं आईला शिकवलेलं, तेच तिच्या तोंडून आलं.

"भात वाढला, बाळ. मडक्यातले तांदूळही वाढले."

पोरीचं तोंड उजळलं. देवळातली सगळी तेलवात एकदम लागावी तसं उजळलं. उष्ट्या हातानं ती उठली, धावत कोनाड्यापाशी गेली, तांदळाच्या मडक्यावरचं झाकण काढलं आणि आत हात घातला. कोपरापर्यंत घातला. मग खांद्यापर्यंत.

हात वर आला तेव्हा बोटांना पांढरी भुकटी तेवढी लागली होती.

"वाढले म्हणालीस ना?" ती म्हणाली. "मग कुठं गेले?"

हाय रे शब्द! त्याच शब्दानं पोर मोठी होते, त्याच शब्दानं पान भरतं, आणि त्याच शब्दानं मडकं रितं होतं.

वेणूनं तिला मांडीवर घेतलं आणि समजावलं. की भरल्या घरात संपलं असं म्हणत नाहीत, लक्ष्मी ऐकत असते. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. सांगता सांगता तिची नजर स्वतःच्या मनगटांवर गेली. तिचाही हिरवा चुडा एका दुपारी असाच वाढवला होता. तिनं पदर मनगटांवर ओढला आणि म्हणाली की म्हणून तांदूळही वाढतात, कळलं?

बकुळाला कळलं. जेवढं कळायला हवं होतं त्याहून अधिक कळलं.

दुसऱ्या दिवशी काशीवैनीनं भिंतीवरून नाचणीचं मूठभर पीठ दिलं, न मागता. वेणूनं त्याची आंबील केली. अर्धी बकुळाच्या वाटीत ओतली. वाटी रिती झाली. वेणूनं वाट पाहिली. रोज घरभर घुमणारा तो शब्द आला नाही. पोर भिंतीवरच्या सरड्याकडं पाहत राहिली.

"वाढू का गं?"

बकुळानं मान हलवली. पदराखालच्या निरांजनासारखं हळू, मोठ्या माणसाच्या मर्यादेनं, ती म्हणाली,

"माझी भूक वाढली, मावशी."

बाहेर कावळा ओरडला. चुलीत एक निखारा फुटला.

पोरीनं नियम पाळला होता. लक्ष्मीला वाईट वाटू नये म्हणून, मावशीला वाईट वाटू नये म्हणून, संपली असं न म्हणता वाढली म्हणाली होती. आणि अजाणता खरं तेच बोलली होती. खरं बोलून खोटं सांगितलं होतं. रडणारी भूक परवडते, रुसणारी परवडते. पण सहा वर्षांच्या पोटात शहाणी झालेली भूक, ती मात्र घराला लागलेली वाळवी. एकदा का पोट गप्प बसायला शिकलं की ते जन्मभर गप्प बसतं. वेणूला हे कुणी सांगावं लागलं नाही. तिचं स्वतःचं पोट असंच शिकलं होतं.

तिनं उरलेली आंबील पोरीच्या वाटीत ओतली. विचारलं नाही.

पहाटे ती नेहमीसारखी न्हाली. नेहमीसारखा हार गुंफला, शेवंती, तगर, मधे एक जास्वंद. देवीच्या गळ्यात घालताना तिचे हात थांबले नाहीत. व्रत माझं, ती मनाशी म्हणाली. भूक तिची. माझ्या व्रतानं तिची भूक बांधायची नाही.

काशीवैनी विहिरीवर भेटली. सगळं ऐकून घेतलं, आणि एरवीची फटकळ वैनी जरा मऊ झाली. तिनं वाट सुचवली. उद्या मंगळवार आहे. परडी घे, भंडारा लाव, देवीच्या नावानं पाच घरी जोगवा माग. जोगवा मागण्यात कमीपणा नसतो. आणि तांदूळ कुणाच्या पोटी गेले, हे कोण बघायला येतंय?

"देवीच्या नावानं मागितलं तर देवीला पोचवावं लागेल, वैनी," वेणू म्हणाली. आवाज तोच, मऊ, तुळशीच्या पानासारखा. "पोरीसाठी मागायचं ते पोरीच्या नावानं मागेन."

आणि ती निघाली. खाडीचा बांध, पलीकडं आंबराई, तिच्या वरच्या अंगाला उतारावरची हळवी शेतं. सखल मळ्यात दाणा दुधात असला तरी उतारावरचं हळवं भात आधी पिकतं. ते पिवळं पडलं होतं, वाकलं होतं, विळ्याची वाट पाहत होतं. शेतं धोंडूकाकींची. मोठ्या घरच्या, मोठ्या आवाजाच्या, देवळात अभिषेक सांगताना गुरवालाही दरडावणाऱ्या धोंडूकाकींची.

त्या अंगणात सुपानं दाणे पाखडत बसल्या होत्या. कापणीच्या बाया भोवती जमल्या होत्या. वेणू तुळशीवृंदावनापाशी उभी राहिली. इतकी वर्षं न पसरलेला हात पसरणं सोपं नसतं; इतकी वर्षं मिटलेला ओठ उघडला की त्याला रक्त येतं. मग मडक्यातून वर आलेला तो पांढुरका हात तिच्या डोळ्यांपुढं आला.

"काकी," ती म्हणाली, आणि सगळ्या बायांनी माना वळवल्या, कारण वेणूचा एवढा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "माझ्या मुलीला भूक लागते. मला कापणीला घ्या. मजुरी दाण्यात द्या, आणि आजची आजच द्या."

धोंडूकाकींनी सूप खाली ठेवलं. फुलं वेचणाऱ्या त्या बोटांकडं पाहिलं.

"तू? अगं, विळा म्हणजे जास्वंदीचा देठ नव्हे. हात कापून घेशील."

"कापला तर बांधीन."

"आणि तुझं ते न मागायचं व्रत?"

वेणूला खोटं बोलायचं नव्हतं. खोटं न बोलणं हेही एक व्रतच होतं.

"मोडलं, काकी. आत्ता तुमच्या अंगणात मोडलं."

कुणी हसलं नाही. धोंडूकाकींनी खांबाला अडकवलेला विळा काढला, अंगठ्यावर धार पाहिली आणि मुठीकडून तिच्या पुढं केला.

मग ते ऊन, आणि ते पिवळं उतारावरचं शेत, आणि पिवळ्यात वाकलेली वेणूची पांढरी पाठ. मूठ धरावी, विळा घालावा. मूठ धरावी, विळा घालावा. पात्याची सळसळ, काकणांची किणकिण. त्या किणकिणीत तिची रिती मनगटं, पण मागं न राहणारी. करंगळी कापली, तिनं पदराची चिंधी बांधली. कंबर बोलू लागली. तिनं ऐकलं नाही. ऊन माथ्यावर आलं, ऊन कलंडलं. सांजेला काकींनी झोडलेल्या भाताचं सूप तिच्या ओटीत ओतलं, आणि वर एक ओंजळ आणखी, तोंडानं काही न बोलता. ते भात वाळून कांडून होईतो लागतील म्हणून पायलीतले जुने चार पसे तांदूळही. रोज ये, एवढं मात्र त्या मोठ्यानं म्हणाल्या.

ती रोज गेली. अंगणात भात वाळलं, उखळात मुसळ घुमलं, कोंडा वाऱ्यावर सोनेरी धुरासारखा उडाला, आणि सुपात तांबूस, तुकतुकीत, ताजे तांदूळ उरले. कापणीला सुटी मिळाली त्या दुपारी त्यांचा भात शिजला. त्याचा वास दारातून अंगणात, अंगणातून भिंतीपलीकडं गेला. काशीवैनी भिंतीवर आली, आणि न बोलता नुसता श्वास घेऊन गेली.

देवाला नैवेद्य झाला. मग वेणू बकुळापुढं बसली, तपेलं मांडीशी घेऊन. वाढू का, असं तिनं विचारलं नाही. हवं का म्हणून विचारलं की भूक लाजते. ती वाढत राहिली. वाफाळता, मऊ, मुठीएवढा ढीग. त्यावर मीठ, त्यावर ताकाची धार. पोर आधी बेतानं जेवली. तपेल्याकडं चोरून पाहत जेवली. पान रितं व्हायच्या आत पुन्हा भरलं. मग ती चोरून पाहायची थांबली. मग कोपर पुढं आलं, गाल फुगले, ताकाचा ओघळ मनगटावरून उतरला. आणि केव्हातरी, मान वर न करता, सगळं शहाणपण विसरून, तिनं ताटली पुढं सरकवली.

"वाढ."

वेणूनं वाढलं. चिंधी बांधलेल्या हातानं, वाकलेल्या पाठीनं, ओठांत नाम घेत वाढलं. उद्याही वाढायचं होतं. परवाही. पोर तिच्याएवढी होईतो, तिच्याहून उंच होईतो.

जेवता जेवता बकुळा पाटावरच कलंडली. वेणूनं तिचा उष्टा तळवा ओल्या पदरानं पुसला. तळव्यातून एक शीत जमिनीवर पडलं. कुठूनशी एक मुंगी आली. आपल्याहून मोठं ते शुभ्र शीत तिनं उचललं, आणि सारवलेल्या भुईवरून अडखळत, थांबत, पुन्हा ओढत ती उंबऱ्याकडं निघाली. वेणूनं आपला पाय हळूच बाजूला घेतला. मुंगी पुढं गेली, उंबरा चढली, आणि उन्हात उतरली.