लुवेतली कुडलित

"गिळ गं आम्पारो, गिळ. सगळे शब्द तोंडभरून बोललीस तर ओळ उतू जाईल." आंब्याखाली बसून बापाने म्हटलेलं हे वाक्य आम्पारोच्या कानातून लहानपणापासून गेलं नव्हतं.

आता त्याच आंब्याखाली तिची लेक दिवा उभी होती. संध्याकाळी मिरवणूक थांबेल तिथे, क्रुसापुढे, तिला लुवा, म्हणजे सणाची स्तुतिकविता, म्हणायची होती. कविता संपून माळ गळ्यात पडली की लगेच बँड सुरू होतो; तो कुणाची वाट बघत नाही.

"अको अत इकाव," दिवा म्हणाली. मी आणि तू.

"बँडवाले काय तुझे मामा लागतात, थांबायला?" आम्पारोचा म्हातारा बाप क्रिसान्तो म्हणाला. "अकोत इकाव. मधला अ गिळ."

"गिळलेला जातो कुठे, लोलो?" दिवाने आजोबाला विचारलं.

"कुठे जाणार? ही बघ." त्याने तिच्या हातातल्या कवितेच्या कागदावर, गाळलेल्या अक्षराच्या जागी काढलेल्या टिचभर रेघेवर नख टेकवलं. "कुडलित. इथे कुणीतरी होतं, एवढं सांगते बिचारी."

आम्पारो केळीच्या पानात चिकट भाताचं सुमान बांधत होती. पान फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. ती उठली, पाण्याचा हंडा उगाच हलवला, आत जाऊन खाटेखालची बॅग आणखी आत ढकलली, परत येऊन बसली. सोमवारी तिचं जेद्दाचं विमान होतं. दिवाला ठाऊक नव्हतं.

"पोरीला कधी सांगणार?" बाप हळूच म्हणाला.

"सण होऊ दे, तातय."

"गेल्या रविवारी वाढदिवस होऊ दे म्हणालीस."

संध्याकाळी दिवाने लुवा म्हटली. ओळी पाण्यासारख्या वाहिल्या, एकही अडखळली नाही. टाळ्या पडल्या. सणाच्या यजमानीण बाईने तिच्या गळ्यात साम्पागिताच्या फुलांची माळ घातली. "पुढच्या मे महिन्यात पण तूच हं."

"म्हणेन की. नानय शिकवेल ना," दिवा आईकडे बोट दाखवत म्हणाली.

आम्पारोने बापाकडे पाहिलं. तो क्रुसाकडे बघत राहिला.

"दिवा, मी..." ती म्हणाली, आणि बँड वाजू लागला.

"काय गं, नानय?"

पुन्हा गिळून टाकणं किती सोपं होतं. आम्पारोने लेकीचा हात धरला, गर्दीतून वाट काढत तिला देवळामागे नेलं, जिथे ढोल नुसता धपधपत होता. ती खाली बसली, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीला आली.

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन, बाळा. सोमवारी मी जेद्दाला जातेय. कामाला. दोन वर्षांसाठी. आणि मला जायचं नाहीये."