आसरांच्या डोहात बंद पडणारं इंजिन

"बोल, कोण हाईस तू? कुठनं आलीस?"

बन्सीधर महाराजाच्या हातातला ओला दोर सुमनबाईच्या पाठीवर कडाडला आणि धरणाच्या काठावर लोटलेली अख्खी वाडी 'आसरामायचा उदो उदो' करत पुढं सरकली. बाभळीला बांधलेली सुमनबाई आता ओरडतही नव्हती. ओठातलं रक्त हनुवटीवर उतरलं होतं. तिच्या तोंडासमोर धरलेल्या पाटीत निखाऱ्यांवर मिरच्या जळत होत्या.

महाराज रंगात आला होता. "पाण्यातली आसरा हिच्या अंगात शिरलीय, भक्तहो! तीच इंजिनाचा गळा आवळायलीय! जपानचं इंजिन असू द्या न्हाईतर अमेरिकेचं, आपल्या एका लिंबापुढं सगळे सारखेच!"

पुन्हा दोर उठला. तो खाली आला तो मात्र अनुपमाच्या आडव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत आग उसळली.

अनुपमा परभणीची. जिल्ह्यातल्या बोटींच्या इंजिनांची देखभाल तिच्याकडं होती. या वाडीच्या बोटीला नवं, ताकदीचं इंजिन तिनंच बसवलं होतं. ते सारखं बंद पडतंय असं कळल्यावर ती जिंतूरहून जीपनं आली, आणि उतरताच हे दिसलं.

"बाजूला व्हा, म्याडम," दत्तराव म्हणाले. वाडीतला मोठा माणूस, पण डोळे सुजलेले आणि हातात वल्हं. "माझा लेक राम गेला. साप चावला म्हणून पलीकडच्या दवाखान्यात न्यायलो होतो. ऐन डोहात इंजिन बंद. सोबत बसलेल्या महाराजांनी पाण्यात लिंबू सोडलं तवा चालू झालं, पण लेकरू तोवर मांडीवरच गार पडलं. दर खेपंला तिथंच बंद पडतंय. ह्या बाईचा नवरा त्याच डोहात बुडाला होता."

"काका, इंजिन मी तपासते. बंद का पडलं ते सांगता आलं नाही, तर मलाही बांधा. पण तोवर मावशीला कुणी हात लावायचा नाही."

"बांधूच की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. एक दगड तिच्या खांद्यावर बसला. दत्तरावांनी वल्हं आडवं धरून लोकांना थोपवलं.

अनुपमा बोटीत उतरली. प्लग स्वच्छ होते, इंधनाची गाळणी साफ होती, इंजिन चालू करून पाहिलं तर ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची धारही जोरात पडत होती. असं इंजिन उगाच दगा देत नाही. मग तिची नजर टाकीकडून येणाऱ्या नळीवर गेली. नळीतला रबरी फुगा पिळून काढल्यासारखा चपटा झाला होता. तिनं टाकीच्या झाकणावर बोट ठेवलं. तिथला बारका स्क्रू घट्ट आवळलेला होता.

"गोपाळ," तिनं बोट चालवणाऱ्याला विचारलं, "हा स्क्रू कुणी आवळला?"

गोपाळनं महाराजाकडं पाहिलं. महाराज आकाशाकडं पाहू लागला.

"काका, बोटीत या. डोहाकडं जायचं नाही. इंजिन इथंच बंद पाडून दाखवते."

तिनं स्क्रू सैल केला, फुगा दाबून भरला, इंजिन चालू केलं. बोट काठाजवळच जोरात घिरट्या घालू लागली. मग सगळ्यांदेखत तिनं स्क्रू आवळला. थोडा वेळ काही झालं नाही. गर्दी हसायला लागली. तेवढ्यात इंजिन अडखळलं, खोकलं आणि बंद पडलं. स्क्रू सैल करताच टाकीनं फुस्स करून हवा ओढली. फुगा दाबला, आणि इंजिन पुन्हा गर्जलं.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही," ती ओरडून सांगू लागली. "दुसरं भोक हवेसाठी लागतं. हा स्क्रू म्हणजे ते दुसरं भोक. काठावर आवळला की डोहाजवळ पोचेपर्यंत इंजिनाचं पेट्रोल तुटतं. तुम्ही लिंबाकडं बघता, आणि कुणीतरी हळूच स्क्रू सोडतं."

बोट काठाला लागली तसा गोपाळ गुडघ्यावर बसला. "महाराज म्हणले, बाईचं काठावरचं रान आपल्या मठाला पाहिजे, ती देईना. म्हणून मी स्क्रू आवळायचो. रामच्या येळंला बी ते म्हणले, आधी चमत्कार दाखवू, पोरगं काय लगेच मरायलंय..."

दत्तरावांच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. वल्हं महाराजाच्या खांद्यावर बसलं, हाड मोडल्याचा आवाज आला. महाराज चिखलात कोसळला आणि मघाशी उदो उदो करणारी वाडी त्याच्यावर तुटून पडली. "बुडवा त्याला! डोहात बुडवा!"

अनुपमा धावत जाऊन मधे उभी राहिली. तिच्या कपाळावर कुणाचा तरी ठोसा बसला.

"काका! हा दोषी आहे याची खात्री आहे ना तुम्हाला?"

"हाय! लय पक्की हाय!"

"मघाशी मावशीबद्दलही होती!"

वल्हं वरच्या वर थांबलं. दत्तरावांनी बाभळीकडं पाहिलं. कुणीही सुमनबाईला अजून सोडलं नव्हतं.

पोलीस येईपर्यंत महाराज आणि गोपाळ बांधलेले राहिले; पण त्यांना कुणी हात लावला नाही. दत्तरावांनीच सुमनबाईचे दोर सोडले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं ओढले.

"माझ्या पाया नका पडू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमी सगळे मला वळखत होता. कुणी एकानं तरी इंजिन उघडून बघायचं होतं."

अनुपमानं तिला जीपमध्ये बसवलं आणि दवाखान्याकडं निघताना काच खाली करून एवढंच सांगितलं, "इंजिन बंद पडलं तर टाकी बघा, नळी बघा, गाळणी बघा. कळलं नाही तर आम्हाला बोलवा. साप चावला तर दवाखाना गाठा. आणि कुणी बाईकडं बोट दाखवायला लागलं, तर आधी विचारा, ह्याला तिच्याकडून काय पाहिजे?"