कलम सातवरचा आक्षेप

पद्माकररावांनी चाळीस वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, समुद्राच्या हद्दीवरून भांडणाऱ्या देशांचे खटले हेगला जाऊन लढवले, आणि न वाचता आयुष्यात एकाही कागदावर सही केली नाही. कुरिअरवाल्याच्यासुद्धा नाही. त्यांच्या सुनेला, सुरुचीला, हे पुरतं ठाऊक होतं. तरी लेकीच्या, सोनमच्या नर्सरी अॅडमिशनला तिला त्यांनाच न्यावं लागलं. नवरा, सुजय, लडाखला पोस्टिंगवर, आणि शाळेला घरच्या दोन मोठ्यांच्या सह्या हव्या होत्या. यादीत सोनमचं नाव सगळ्यात शेवटी लागलेलं. एकच्या आत हमीपत्र खिडकीत गेलं नाही, तर जागा वेटिंगमधल्या मुलीला.

साडेबाराला हमीपत्र हातात पडलं. चौदा कलमं.

"बाबा, फक्त शेवटच्या पानावर."

"हो हो. प्रस्तावना तर बघू."

पावणेएकला ते कलम सातवर पोचले. वाद झाल्यास शाळेचा निर्णय अंतिम राहील. बाबांनी चष्मा काढला आणि सुरुचीनं घाईनं पेन पुढे केलं. त्यांनी चष्मा काढला की दोन्ही देशांची माणसं आठवडाभर घरी जात नाहीत, असं सासूबाई सांगायच्या.

"अगं, ज्याच्याशी वाद तोच न्यायाधीश? माझे विद्यार्थी काय म्हणतील?"

"वाद होऊन होऊन कसला होणार, बाबा? डब्यावरून."

"डबा हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे."

खिडकीतले बाबूजी म्हणाले, "अंकल, छपा हुआ है, मैडम ही बदल सकती हैं. बुला देता हूँ. पर एक बजे खिड़की बंद. यहाँ मेरी नहीं, उस घड़ी की चलती है." आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवून ते मॅडमना शोधायला गेले.

एकला चार मिनिटं कमी होती. सुरुचीचे डोळे भरून आले. "करा ना सही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "परिषदेची मुदत संपत आली आणि करार अडला, तर आम्ही घड्याळ थांबवायचो. मान्य प्रथा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सेल काढायचा. माझे गुडघे नसते दुखत, तर मीच चढलो असतो."

रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा व्हायची वाट बघणारी सुरुची खुर्चीवर चढली.

"मम्मा, काय करते?" सोनमनं विचारलं.

"प्रथा पाळतेय, बेटा. खुर्ची धर."

मुख्याध्यापिका मॅडम आल्या. वाटाघाटी चांगल्या तासभर चालल्या. मधे दोनदा चहा झाला, सोनम बाबांच्या मांडीवर झोपून उठली, आणि शेवटी 'अंतिम'च्या जागी 'बहुधा अंतिम' यावर दोन्ही पक्ष राजी झाले. बाबांनी झोकात सही ठोकली.

बाबूजींनी घड्याळाकडे मान वर केली. एकला चार कमी. "बिल्कुल टाइम पर," म्हणत त्यांनी शिक्का मारला, पावती सरकवली आणि पोटावरून हात फिरवला.

"पता नहीं क्यों मैडम, आज भूख बहुत जल्दी लग गई."