एकाच डब्यातलं लोणी

आत्या धार काढायला बसली की म्हैस पाय हलवत नसे. गोठ्यातले गडी म्हणायचे, "हिनं काय मंत्र घातलाय कोण जाणे!" मंत्रबिंत्र काही नव्हता. पत्र्याच्या डब्यातलं लोणी बोटांना लावून ती आधी सड मऊ करून घ्यायची, मगच धार. एका म्हशीचं झालं की डबा पुढच्या म्हशीखाली. साऱ्या गोठ्याला तोच डबा.

संध्याकाळी तो पिशवीतून घरी यायचा. भावाच्या मुलीला जन्मापासून इसब होता. तिची कोपरं, मान, पापण्या सुकल्या चिखलासारख्या भेगाळायच्या. औषध झोंबतं म्हणून पोर घर डोक्यावर घ्यायची. आत्याच्या लोण्याला मात्र आपणहून मान पुढे करायची.

"आत्या, नाकालापण लाव."

"नाकाला कशाला? तुझी धार का काढायचीय मला?"

पोर खिदळायची. वहिनीही पदराआड हसायची.

मग कोपऱ्यातल्या म्हशीच्या सडांवर पुळ्या उठल्या. माश्या चावल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं. हां हां म्हणता शेजारच्या म्हशीही लाथा झाडू लागल्या. पुळ्यांच्या खपल्या झाल्या. आत्याच्या अंगठ्यावर टणक गाठ आली, मधोमध काळी पडली. एक गडी म्हणाला, "म्हशीनं अंगठी घातली गं तुला!" आत्यानं चिंधी गुंडाळली आणि पुढची बादली ओढली. दुखलं म्हणून काम थोडंच थांबतं?

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी म्हशी पाहिल्या, मग चिंधी सोडायला लावून अंगठा पाहिला.

"ही जनावरांची देवी," ते म्हणाले. "माणसांची गेली, पण तिच्या जातकुळीतली ही अजून आहे. हात, फडकं, भांडं, जे मिळेल त्याला चिकटून पुढं जाते. म्हशी बऱ्या होतील, तुमचा अंगठाही होईल. घरात कुणाला कातडीचं दुखणं नाही ना? भेगाळलेली कातडी म्हणजे तिला सताड उघडं दार."

आत्याची नजर डब्यावर गेली. बादली तशीच टाकून ती घराकडे धावली.

वहिनी दारातच उभी होती. "बरं झालं आलात, ताई. पोरीचं अंग तापलंय. डोळ्यापाशी पुळ्या आल्यात, कपाळावरही. मला हात लावू देत नाही. जरा तुमचं लोणी लावा ना."

आत्या गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं?

"लोणी नको, वहिनी. म्हशींना रोग आहे. माझ्या ह्या डब्यातूनच तो तिला लागला. चल, आधी दवाखाना गाठू."

वहिनीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पोरीला उचललं.

दवाखान्यात आत्यानं म्हशी, अंगठा, डबा, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आम्ही कांजिण्या समजून बसलो असतो. जीव वाचवू. डोळ्याचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

पोरीला वेगळ्या खोलीत ठेवलं. अंगभर पुळ्या पसरल्या, चेहरा सुजून ओळखू येईना. आत्या काचेबाहेर बसून राहायची. भाऊ जेवणाचा डबा घेऊन यायचा, वहिनीला द्यायचा, आत्याकडे न बघता जायचा.

हळूहळू ताप उतरला. खपल्या गळल्या. उजवा डोळा उघडला. डावाही उघडला, पण त्याच्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पडदा होता. तो तसाच राहणार, असं बाईंनी सांगितलं.

आत्याच्या हातावरची शेवटची खपली पडल्यावर तिला आत सोडलं. ती पायांचा आवाज न करता खाटेच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आई, आत्या येणार होती ना?" पोरीनं समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं. "कुठाय ती?"

वहिनी उजव्या बाजूच्या स्टुलावर बसली होती. ती उठली आणि आत्याला खुणेनं उजवीकडे, त्या स्टुलावर बोलावलं.