हरणाचं नाव

"अप्पा, तेवढा घोडा नीट बसवा. हरणाला जायचंय."

माझा पोरगा अमरनाथ हे बोलला आणि माझ्या हातातली तेलाची चिंधी थांबली. रस्त्याचे ठेके घेणाऱ्या शेषेराव गुत्तेदाराचं परवान्याचं रिव्हॉल्वर आमच्या लातूरच्या दुकानात दुरुस्तीला आलं होतं. पोरगं म्हणालं, गुत्तेदारच हरणाला निघालेत.

शिकारीला निघालेला माणूस जनावराचं नाव घेत नाही. नाव घेतलं की जनावर हातचं जातं. माझे वडील 'भाजीला जाऊन येतो' एवढंच म्हणायचे. याच दुकानात वाढलेल्या पोराला हे ठाऊक नाही? शिवाय हरणाला रिव्हॉल्वर कोण नेतं? त्यात आता हरणाला हात लावला की थेट जेल. मला काही पटेना.

"कुठल्या शिवारात?"

"अर्धापूरकडं."

"तिकडं केळीच्या बागा. हरणं कुठली रे?"

"लोक सांगून राहिलेत."

"कोण लोक?"

"तुमी काय फौजदार लागून गेले का?"

अर्धापूरला आमची पोरगी दानेश्वरी राहते. आम्ही लिंगायत, तिनं आनंदराज मास्तराशी, बौद्धाच्या पोराशी लग्न केलं. तेव्हापासून अमरनाथच्या सोयरिकी मोडत होत्या. कालच एक पाहुणे चहा न पिताच उठले होते. मी मोबाईल उचलला.

"गुत्तेदाराला फोन लावतो."

"कशाला?" त्याचा हात रिव्हॉल्वरकडे सरकला.

मी ते ओढून ऐरणीवर ठेवलं आणि घणाचे घाव घालत सुटलो.

"अप्पा! लायसन जाईल तुमचं!"

"जाऊ दे! भाड्या, पाठची बहीण हाय ती तुझी!"

"तुमाला अजून तीच प्यारी," म्हणत तो घरात शिरला. बहिणीचं नाव मी काढलं, पण त्यानं नाही म्हटलं नाही. एक हत्यार मोडलं म्हणून काय झालं? कोयते काय कमी आहेत? बायकोला, महादेवीला म्हटलं, याला उंबरा ओलांडू देऊ नको. आणि अर्धापूरला जायला नांदेडची एसटी धरली. फोनवर सांगितलं असतं, पण पोरीनं माझा नंबर कधीचाच ब्लॉक करून टाकला होता.

दानेश्वरीनं दार उघडलं. मला पाहून लगेच अर्धं लावलं.

"एकटेच आलात?"

"हाव. आत घे, महत्त्वाचं बोलायचंय. अमरनाथपासून जपून राहा. मास्तराला ठाण्यात सांगून ठेवायला लाव."

"अन् तुमाला कुणी पाठवलं?"

"कोण पाठवंल गं मला?"

"पिशवीत काय हाय?"

"आईनं धपाटे दिलेत."

"दाखवा."

लई राग आला. बापाची झडती घेते! पण दाराच्या आड तिनं पाय रोवून धरला होता. मी फडकं सोडून धपाटे दाखवले. तिनं ते नीट पाहिले.

"शर्ट वर करा, अप्पा."

समोरच्या ओट्यावर दोन बाया बसल्या होत्या. मी शर्ट वर केला आणि तिला पाठही दिसावी म्हणून तिथंच हळूहळू गोल फिरलो.